साठ, आठ आणि आईचा फोन

आई आणि माझ्यामध्ये समुद्र आहे, आणि वेळेचा फरकही असा की तिची सकाळ उजाडते तेव्हा मी झोपायच्या तयारीत असते. त्यामुळे गेली कित्येक वर्षं आमचं नातं बऱ्यापैकी फोनवरच चाललंय. आणि हा फोन मधे हळूहळू आटत चालला होता. पूर्वी तासतास बोलणारी माझी आई अर्ध्या तासावर आली, मग दहा मिनिटांवर, आणि शेवटी शेवटी तर "हो, बरंय, तू कशी आहेस, पोरगी बरी ना, चल ठेवते" एवढ्यावर. नात्यातले सगळे म्हणायला लागले की वय झालं, बाबा गेल्यापासून तिला बोलावंसंच वाटत नाही, सोडून द्या. मला ते काही केल्या पटेना. कारण दादा तिच्याकडे राहून आला की सांगायचा, समोर बसलं की आई रात्री उशिरापर्यंत गप्पा मारते, सगळ्यांच्या नकला करून दाखवते. म्हणजे आईचं बोलणं संपलेलं नव्हतं, फोनवरच काहीतरी अडत होतं.

पुढचे काही महिने आम्ही तिघांनी मिळून जे काय केलं ते सगळं लिहून ठेवतेय. ज्यांची म्हातारी माणसं लांब आहेत आणि फोनवर नुसतं हं हं करतात त्यांना यातलं काहीतरी कामाला येईल म्हणून, आणि दुसरं कारण म्हणजे मला काही लोकांचे आभार मानायचेत जे मला कधीच भेटणार नाहीत, त्यातले बरेच तर आता हयातही नाहीत.

सुरुवात कानाच्या तपासणीपासून झाली. दादा तिला घेऊन गेला, ऑडिओमेट्री झाली आणि तो कागद त्याने मला फोटो काढून पाठवला. मी तोपर्यंत ऑडिओग्राम कधी बघितलाच नव्हता. आडव्या बाजूला आवाजाची पट्टी असते, डावीकडे जाड खर्जातले आवाज, उजवीकडे बारीक आणि उंच. उभ्या बाजूला किती मोठा आवाज केला की ऐकू येतं ते. ही पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात. आईची रेघ डावीकडे जवळजवळ ठीक होती आणि २००० हर्ट्झच्या पुढे खाली खाली गेलेली. तपासणाऱ्या बाईंनी दादाला सांगितलं की वयानुसार कान जातो तो बहुतेक असाच जातो, आधी वरच्या पट्टीतलं जातं. साठीच्या पुढच्या माणसांत चारातल्या एकाहून जास्त जणांना ऐकण्याचा खराखुरा त्रास असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे आई काही एकटी नाही.

आता यातली खरी गोम अशी आहे. अ, आ, ओ असे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांना जोर असतो, ते आईला ऐकू येत होते. पण स, श, फ, थ, ख यांची ओळख पटते ती वरच्या पट्टीतल्या आवाजावरून, 'स'चा तर बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वरच असतो. म्हणजे आईला मी बोलतेय हे कळायचं, आवाज मोठा की लहान तेही कळायचं, फक्त मी काय म्हणतेय ते कळायचं नाही. आणि नेहमीचा साधा फोन कॉल बऱ्याचदा काय करतो, तर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवतो. हे माप टेलिफोनच्या जुन्या काळापासून ठरलेलं आहे, एका तारेवरून जास्तीत जास्त कॉल न्यायचे तर प्रत्येकाला थोडीच जागा द्यायची. धडधाकट कानाला ते चालून जातं, मेंदू बाकीचं भरून काढतो. पण आईच्या कानात वरच्या पट्टीतलं जे थोडंथोडकं उरलं होतं तेही फोन वाटेतच कापून टाकत होता. समोर बसून ती गप्पा मारते आणि फोनवर गप्प होते, याचं कारण मला त्या दिवशी कळलं आणि मी कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसले.

मग आम्ही एक परीक्षाच घेतली. मी शब्दांच्या जोड्या काढल्या, साठ आणि आठ, फोन आणि कोण, थांब आणि खांब, शेत आणि बेत, अशा. आधी साध्या कॉलवर एकेक शब्द बोलायचा, आईने ऐकू येईल तो वहीत लिहायचा, आणि मग तेच शब्द उलटसुलट क्रमाने इंटरनेट कॉलवर. दादा तिच्या शेजारी बसला होता पण त्याला तोंड उघडायची परवानगी नव्हती. साध्या कॉलवर साठचा आठ झाला, फोनचा कोण झाला, बऱ्याच ठिकाणी तिने नुसती रेघ मारली होती. इंटरनेट कॉलवर सगळं बरोबर आलं असं अजिबात नाही, पण साठ साठच राहिला. आईने दोन्ही पानं कॅमेऱ्यासमोर धरली, एकीकडे खाडाखोड आणि दुसरीकडे बऱ्यापैकी शब्द, आणि म्हणाली, "अगं मला वाटायचं तूच हल्ली पुटपुटतेस."

यामागचं कारण शोधलं तर ओपस नावाचा कोडेक सापडला. कोडेक म्हणजे आवाज आकसून आकड्यांत बसवायची आणि पलीकडे परत उलगडायची पद्धत. ओपस २०१२ मध्ये खुलं मानक म्हणून जाहीर झालं, कोणालाही फुकट वापरता येईल असं, आणि नेटवर्क बरं असलं तर ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नेऊ शकतं, म्हणजे माणसाचा कान ऐकू शकतो तेवढा सगळाच. बरीच कॉलिंग अ‍ॅप हेच वापरतात. ज्यांनी ते बनवलं त्यांनी कुलूप न लावता जगाला देऊन टाकलं, आणि त्याच्या एका टोकाला माझी आई साठ आणि आठ वेगळे ऐकतेय. माझ्या यादीतले पहिले आभार त्यांना.

आवाजानंतर चित्राकडे वळलो. कमी ऐकणारी माणसं ओठ वाचतात, बऱ्याचदा त्यांना स्वतःलाही ते माहीत नसतं. आईलाही नव्हतं. दादाने एकदा गंमत म्हणून तोंडासमोर वही धरून बोलायला सुरुवात केली तर ती लगेच "काय? काय?" करायला लागली. म्हणजे व्हिडिओ कॉल तिच्यासाठी चेहरा बघायची हौस नव्हती, तो तिचा अर्धा कान होता. मग माझ्या बाजूचं सगळं बदललं. मी कायम खिडकीकडे पाठ करून बसायचे, त्यामुळे तिला माझा नुसता काळा आकार दिसायचा. आता उजेड समोरून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, आणि फोन हातात न धरता स्टँडवर, कारण हात हलला की ओठ हलतात आणि सगळं गेलं. चालता चालता व्हिडिओ कॉल करायचा नाही, हा आमच्याकडे आता नियम आहे आणि पोरगीही तो पाळते.

आईच्या बाजूला टॅब लावला, मोठ्या स्क्रीनचा, जड बुडाच्या स्टँडवर, चार्जर कायमचा लावलेला. दादाने आधी त्याला ब्लूटूथ स्पीकर जोडला आणि तिथे एक भलताच घोटाळा झाला, आवाज मोठा आणि स्वच्छ येऊनसुद्धा आईला कमी कळायला लागलं! बराच शोध घेतल्यावर लक्षात आलं की ब्लूटूथमुळे आवाज थोडा उशिरा पोचत होता, ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचा. माणसाला यातला किती फरक जाणवतो याचं मापसुद्धा आहे, आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की लक्षात यायला लागतं. आपण सिनेमा बघताना वैतागतो तेवढंच, पण ओठांवर अवलंबून असलेल्या माणसाचा त्यात धागाच तुटतो. स्पीकर वायरीने जोडला आणि प्रश्न मिटला. नेटवर्क कमी पडतं तेव्हा काय करायचं तेही शिकलो, चित्र थोडं ढोबळ झालं तरी चालेल पण अडकत अडकत येता कामा नये, म्हणून घरात बाकी कोणी काही डाउनलोड करत असेल तर ते थांबवायचं आणि टॅब राउटरजवळ ठेवायचा. एवढं साधं आहे, पण कोणी सांगत नाही.

आता रिंग. आईला रिंग ऐकूच जायची नाही, कारण तीही बारीक आणि उंच आवाजाची. मी म्हटलं, कॉल आपोआप उचलला जाईल असं करून टाकू, तशी सोय बऱ्याच ठिकाणी असते, म्हणजे तू कुठेही असलीस तरी मी दिसेन. आईने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी कशी बसलेय, काय घालून बसलेय, रडतेय की झोपलेय, हे मला न विचारता तू आत येणार? माझ्या घराचं दार मीच उघडणार." विषय संपला. आणि खरं सांगते, मला तिचा एवढा अभिमान वाटला! म्हाताऱ्या माणसांसाठी काही करताना आपण सोयीच्या नावाखाली त्यांच्या हातातलं काय काय काढून घेतो, याचा विचार हे करणाऱ्या प्रत्येकाने करायला हवा. मग रिंगटोन बदलून खालच्या पट्टीतली जाड धून लावली आणि कॉल आला की फोनचा दिवा लुकलुकेल असं सेटिंग केलं. हे अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या भागात मिळतं, आयफोनमध्ये खूप आधीपासून आहे आणि आता अँड्रॉइडवरही आलंय. तो दिवा बघून आई येते, चष्मा लावते, केस नीट करते आणि मगच हिरवं बटण दाबते. तेवढा वेळ रिंग वाजत राहते, वाजू दे.

कानाचं मशीन मात्र लगेच जमलं नाही. पहिले काही आठवडे ती म्हणायची की भांड्यांचा, कागदाचा, पंख्याचाच आवाज येतो, माणसांचा नाही. तपासणाऱ्या बाईंनी समजावलं की इतकी वर्षं जे आवाज मेंदूपर्यंत पोचलेच नाहीत ते एकदम पोचले की सगळा गोंगाटच वाटतो, सवय लागायला वेळ द्यावा लागतो, रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यायचा. हे घरच्यांनी कृपया लक्षात ठेवा, कारण बरीच मशीनं याच टप्प्यावर कपाटात जातात. मशीन घेताना अजून एक गोष्ट बघून घ्या, ते फोनशी थेट जोडलं जातं का. सगळी मशीनं सगळ्या फोनांशी जोडली जात नाहीत, बनवणाऱ्यांची यादी असते, ती आधी बघायची. जोडलं गेलं की माझा आवाज खोलीतून फिरून, पंख्याच्या आवाजात मिसळून न जाता थेट आईच्या कानात जातो, तिच्या ऑडिओग्रामप्रमाणे वरची पट्टी वाढवून. पहिल्यांदा तसा कॉल लावला तेव्हा मी अगदी नेहमीच्या आवाजात, न ओरडता, "आई, ऐकू येतंय का" विचारलं. ती म्हणाली, "ओरडू नको, तू इथेच आहेस." कितीतरी वर्षांनी मी आईशी ओरडल्याशिवाय बोलत होते. ओरडून प्रेमाचं काही बोलताच येत नाही हो, ओरडून फक्त निरोप देता येतात, औषध घेतलं का, बिल भरलं का, एवढंच. ज्यांनी रोज ओरडून बोललंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

यात मग एक पेच आला. दादाने तोपर्यंत टॅबशेजारी एक जुना फोन ठेवला होता आणि त्यावर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब चालू केलं होतं. खोलीत जे बोललं जाईल ते अक्षरांत लिहून दाखवतं, मराठीतसुद्धा. आईला ते प्रचंड आवडलं होतं, चुकलं तरी तिला संदर्भ कळायचा. पण आवाज मशीनमधे थेट जायला लागला तसा स्पीकर गप्प झाला, आणि स्पीकर गप्प म्हणून त्या फोनला काही ऐकू येईना! दोन्ही एकदम हवं होतं आणि आमच्या सामानात ते बसत नव्हतं. शेवटी आईनेच तोडगा काढला. आम्ही दोघीच बोलत असलो की मशीनमधून थेट, आणि दादा, वहिनी, माझी पोरगी असे चारपाच जण एकदम कॉलवर असले की स्पीकर आणि अक्षरं, कारण घोळक्यात कोण बोलतंय ते नुसत्या कानाने कळत नाही. आता ती स्वतःच बदल करते, आम्हाला विचारतही नाही.

हे लाइव्ह ट्रान्सक्राइब २०१९ मध्ये आलं, आणि त्यामागे दिमित्री कानेव्हस्की नावाचे संशोधक आहेत जे लहानपणापासून कर्णबधिर आहेत. हे वाचल्यावर मी थोडं मागे मागे जात राहिले आणि जे सापडलं त्याने मला अक्षरशः भारावून टाकलं. १८७६ मध्ये टेलिफोनचं पेटंट घेणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या आईला नीट ऐकू येत नव्हतं आणि बायको मेबल लहानपणच्या तापात पूर्ण बहिरी झालेली होती. तो कर्णबधिर मुलांचा शिक्षक होता. त्याने खुणांच्या भाषेला विरोध केला आणि त्याबद्दल कर्णबधिर लोकांच्या मनात त्याच्याविषयी राग आहे, तो रास्तच आहे, पण ऐकू न येणाऱ्या घरातून टेलिफोन आला एवढं मात्र खरं. आणि तोच टेलिफोन त्याच्या बायकोच्या काही उपयोगाचा नव्हता. पुढे जवळजवळ नव्वद वर्षं कर्णबधिर माणसं फोनच्या बाहेरच राहिली. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेक्ट नावाच्या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने साध्या फोनच्या रिसीव्हरमधून टाइप केलेली अक्षरं पाठवता येतील असं यंत्र केलं, जेम्स मार्स्टर्स आणि अँड्र्यू साक्स हे त्याचे सोबती, तेही कर्णबधिर. बाजूला टाकलेली जुनी टेलिप्रिंटर यंत्रं गोळा करून, दुरुस्त करून ती घराघरांत पोचवली गेली. म्हणजे ज्यांना फोनने बाहेर ठेवलं त्यांनी फोनलाच वाकवून स्वतःला आत घेतलं. इंटरनेट ज्या नियमांवर चालतं ते बॉब कान यांच्याबरोबर लिहिणारे व्हिंट सर्फ, तेही लहान वयापासून कानाला मशीन लावणारे, आणि त्यांच्या पत्नी सिग्रिड तर लहानपणीच बहिऱ्या झालेल्या. मी आईला हे सगळं एका कॉलमधे सांगितलं, ती मधेमधे थांबवून नावं परत विचारत होती, वाइटब्रेक्टचं नाव तिने वहीत लिहून घेतलं. म्हणाली, "म्हणजे हे सगळं आपल्यासारख्यांनीच केलंय." आपल्यासारख्यांनी! कान गेल्याचं इतके दिवस लपवणारी माझी आई हे म्हणाली.

अंतराबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण त्याचा आमच्या बोलण्यावर परिणाम होतो. आमचं बोलणं बहुतेक समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जातं, खंडाखंडांमधलं जवळजवळ सगळंच तसं जातं, उपग्रहावरून फार थोडं. खोल समुद्रात ही केबल बागेतल्या पाण्याच्या पाइपाएवढीच जाड असते आणि आत केसासारखे काचेचे धागे. चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून प्रकाश दूरवर जाऊ शकेल, त्यासाठी २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९५६ मध्ये अटलांटिकखालून पहिली टेलिफोन केबल सुरू झाली तेव्हा एका वेळी ३६ कॉल जायचे. त्या काळी परदेशी गेलेल्या मुलीचा आवाज ऐकणं किती जणांच्या नशिबी असेल, मला तर विचारही करवत नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दहा हजार किलोमीटरला पन्नास मिलिसेकंद, आणि त्यात यंत्रांचा वेळ धरायचा. एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचला तर बोलणं सहज वाटतं असं मानतात. त्याच्या पुढे गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघं एकदम थांबतात. चांगलं ऐकणारे सावरून घेतात पण आईचा त्यात गोंधळ उडायचा, तिला वाटायचं मी तिला तोडतेय. आम्ही हाताची खूण ठरवली, बोलायचं असलं की तळहात वर, संपलं की खाली. पोरगीने ती आधी खेळ म्हणून घेतली आणि आता शाळेच्या ऑनलाइन तासालाही करते.

या केबल तुटतात, जगभरात वर्षाला दीडशे ते दोनशे ठिकाणी बिघाड होतात, बहुतेक मासेमारीच्या जाळ्यांनी आणि जहाजांच्या नांगरांनी. मग दुरुस्तीची जहाजं जातात, खोल पाण्यातून ती केबल वर ओढतात, धागे पुन्हा जोडतात आणि परत खाली सोडतात. आपल्याला कळतही नाही कारण तोवर बोलणं दुसऱ्या वाटेने वळवलेलं असतं. वादळी समुद्रात त्या डेकवर उभं राहून कुणीतरी काच जोडतंय म्हणून मी रोज आईचा चेहरा बघते. त्या माणसांची नावं मला माहीत नाहीत, पण दुसरे आभार त्यांचे.

या सगळ्यानंतर आमचं बोलणं बदललं, आणि कसं बदललं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आई भांडायला लागली. अगदी खरं. पूर्वी मी काहीही सांगितलं तरी ती "हो हो, कर" म्हणायची कारण तिला कळलेलंच नसायचं आणि परत परत विचारायची लाज वाटायची. आता मी नोकरी बदलायचा विचार सांगितला तर तिने मला मधेच तोडलं, तळहात वगैरे काही वर न करता, "हा मूर्खपणा आहे, मी सांगते का ते ऐक." मी ऐकत राहिले आणि मला रडू यायला लागलं. आई घाबरली, तिला वाटलं मला लागलं. मी म्हटलं, नाही गं, तू बोल, अजून बोल, तू मला कितीतरी दिवसांत तोडलं नव्हतंस. नोकरीचं तिचं म्हणणं बरोबर होतं हेही सांगून टाकते, मी तो विचार सोडला.

आणि गाणं. पोरगी गाणं शिकते आणि आजीला ऐकवायचं तिच्या मनात फार होतं. ऐकवलं तर आईला तुकडे तुकडेच ऐकू आले, सूर लांबवला की मधेच नाहीसा. आधी वाटलं मशीनचा दोष, पण ते अ‍ॅपचं काम होतं. अ‍ॅप मागचा गोंगाट काढून टाकतं, आणि पंख्याचा आवाज जसा सलग एकसुरी असतो तसाच लांबवलेला सूरही असतो, त्यामुळे त्याला तो गोंगाटच वाटतो. झूममध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सोय असते, ती चालू केली. कानाच्या मशीनलाही संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो, तो बाईंनी सुरू करून दिला. मग आजी-नातीची बैठक बसली ती थांबेचना, मी आपली बाहेर जाऊन बसले.

सगळं या स्क्रीनने भागतं असं मी म्हणणार नाही. मधे आईला ताप आला होता, रात्रभर मी इकडून तिच्या खोलीकडे बघत होते आणि पाणी द्यायला दादाच गाडी चालवत पोचला, माझा हात काही तिथवर पोचला नाही. पण त्याही रात्री तिला जाग आली की ती स्क्रीनकडे बघायची आणि मी आहे म्हटल्यावर परत झोपायची. हे मला मिळालं, आणि माझ्या आधीच्या किती पिढ्यांतल्या लांब गेलेल्या लेकींना मिळालं नसेल. २००३ मध्ये सुरू झालेलं आणि २०२५ मध्ये बंद झालेलं स्काइप आठवतं मला, बाबांचा चेहरा मी शेवटी तिथेच बघितला होता, अडकत अडकत का होईना पण बघितला होता. स्काइप बनवणाऱ्यांचेही आभार राहून गेले होते, ते इथे मानते.

सध्या नवीन काम आलंय ते मामाचं. आई आणि मामा दर रविवारी फोनवर बोलतात, आणि मागच्या वेळी आईने त्याला बारा विचारलं तर त्याने चारचं उत्तर दिलं. आईने तिथल्या तिथे निदान केलं, त्याला वही घेऊन बसवलं आणि साठ, आठ, फोन, कोण असे माझेच शब्द साध्या कॉलवर सांगितले. मामाची वही कोरीच राहिली. तो आधी खूप चिडला, म्हणाला मला सगळं ऐकू येतं, तुम्ही बायका हळू बोलता. आईने त्याला बेलच्या बायकोपासून सुरुवात करून सगळा इतिहास ऐकवला, वाइटब्रेक्टचं नाव वहीत बघून नीट उच्चारून. आता तो तपासणीला तयार झालाय, दादा त्याला घेऊन जाणार आहे. मामाचा फोन बराच जुना आहे, त्याला कुठली मशीनं जोडता येतात ते मी यादीत शोधायचं असं आईने मला बजावलंय, आणि उद्या तिची सकाळ व्हायच्या आत तिला उत्तर हवंय.